ब्रॉडबँड सेवा : स्पर्धा व ग्राहकाची निवड

दूरध्वनीची तार, केबल, प्रकाशीय तंतू अथवा रेडिओ तरंग यांच्या द्वारे घर, कार्यालय वा भ्रमणध्वनी यांना इंटरनेटशी अखंड व वेगवान रीतीने जोडणाऱ्या सेवेस ब्रॉडबँड सेवा असे म्हणतात. ‘वेगवान’ या शब्दाचा अर्थ काळानुसार बदलत गेला आहे. भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने दर सेकंदास किमान २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीस ब्रॉडबँड मानले. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. शिक्षण, बँकव्यवहार, शासकीय दाखले, वैद्यकीय सल्ला आणि घरून करावयाची नोकरी या गोष्टी या सेवेवर अवलंबून राहू लागल्यामुळे ती पाणी व वीज यांच्या पंक्तीस येऊन बसली आहे. मात्र पाणी व वीज यांचा पुरवठा एखाद्या गावात बहुधा एकाच संस्थेकडे असतो, तर ब्रॉडबँडचा पुरवठा परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांकडून व्हावा, असे भारताचे घोषित धोरण आहे.

हे धोरण कितपत सफल झाले, हे केवळ परवानाधारक कंपन्यांच्या संख्येवरून ठरविता येत नाही. एखाद्या घराच्या दारापर्यंत परस्परांपासून स्वतंत्र अशा किती वाटा पोहोचतात आणि एक वाट सोडून दुसरी धरणे ग्राहकाला कितपत सुलभ आहे, यांवर त्याची खरी निवड अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी रत्नागिरी शहराचा किनाऱ्यालगतचा मांडवी हा भाग व त्याभोवतीचा कोकणचा प्रदेश उदाहरणादाखल घेतला आहे. महानगराइतकी दाट लोकवस्ती नाही, पण सेवेची गरज मात्र महानगराइतकीच आहे, अशा ठिकाणी स्पर्धेची कसोटी लागते.

सेवेची रचना व अखेरचा टप्पा : इंटरनेटची वाहतूक तीन टप्प्यांनी होते. पहिला टप्पा समुद्रतळावरून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबलींचा. त्या भारतात प्रामुख्याने मुंबई व चेन्नई येथे किनाऱ्यास लागतात. दुसरा टप्पा शहरांना जोडणाऱ्या देशांतर्गत मुख्य वाहिन्यांचा. कोकणात अशा वाहिन्या मुख्यतः मुंबई–गोवा महामार्ग व कोकण रेल्वे यांच्या अनुरोधाने गेलेल्या आहेत. तिसरा टप्पा गावातील केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंतचा असून त्यास ‘अखेरचा टप्पा’ म्हणतात. अंतराच्या दृष्टीने हा सर्वांत लहान, परंतु दर ग्राहकामागील खर्चाच्या दृष्टीने सर्वांत महाग टप्पा होय.

जुन्या जलवाहतुकीच्या उदाहरणाने ही गोष्ट ध्यानात येईल. कोकण किनाऱ्यावरील अनेक बंदरांत मुंबईची आगबोट धक्क्यास लागत नसे; ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणावे लागे. आगबोटींच्या कंपन्या दोन असल्या, तरी पडाव एकाच मालकाचे असल्यास उतारूला त्या स्पर्धेचा लाभ बंदरातील अखेरच्या फर्लांगभर पाण्यात मिळत नाही. इंटरनेटच्या बाबतीतही मुख्य वाहिन्या अनेकांच्या असून दारापर्यंतची तार एकाचीच असेल, तर दर व सेवेचा दर्जा ठरविण्याची सत्ता त्या तारेच्या मालकाकडे जाते.

खर्चाचे अर्थशास्त्र : तार टाकण्याचा खर्च एकदाच व मोठा असतो, तीवरून सेवा देण्याचा चालू खर्च तुलनेने अल्प असतो. समजा, १०० घरांच्या एका वाडीत तार पोहोचविण्यास १० लाख रु. लागतात. एकाच कंपनीने सर्व घरांना सेवा दिल्यास दर घरामागे १० हजार रु. भांडवल गुंतते. दोन कंपन्यांनी स्वतंत्र तारा टाकून घरे निम्मी वाटून घेतल्यास प्रत्येकीचे दर घरामागे २० हजार रु. गुंततात. ज्या उद्योगात एकाच उत्पादकाने सर्व बाजारपेठेस पुरवठा करणे सर्वांत स्वस्त पडते, त्यास अर्थशास्त्रात ‘नैसर्गिक मक्तेदारी’ म्हणतात. दाट वस्तीच्या शहरात एका इमारतीतच शंभर बिऱ्हाडे असल्यामुळे दोन वा तीन तारांचा खर्च भरून निघतो. विखुरलेल्या वस्तीत दुसरी तार टाकणारा सहसा पुढे येत नाही. म्हणून एकाच जिल्ह्यात एका ठिकाणी तीव्र स्पर्धा व दुसऱ्या ठिकाणी मक्तेदारी अशी स्थिती आढळते.

भारतातील विकास : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वसामान्यांस खुली केली. १९९८ मध्ये या क्षेत्रात खाजगी कंपन्यांना प्रवेश मिळाला. परवान्यांचे तीन वर्ग पाडण्यात आले : अखिल भारतीय, दूरसंचार परिमंडळापुरता व लहान स्थानिक क्षेत्रापुरता. तिसऱ्या वर्गामुळे अनेक गावांतील केबलचालकांना स्वतःची इंटरनेट सेवा सुरू करता आली. मुंबई व तिच्या परिसराचे स्वतंत्र परिमंडळ असून उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे परिमंडळ होते. रत्नागिरीचा समावेश या दुसऱ्यात होतो. १९९७ च्या अधिनियमान्वये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) स्थापन झाले. २००० मध्ये सरकारच्या दूरसंचार सेवा विभागाचे रूपांतर भारत संचार निगमात झाले.

त्या काळी घरोघरी गेलेल्या तांब्याच्या तारा बहुतांशी भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम या दोन सरकारी कंपन्यांच्या होत्या. या तारा ठरावीक भाड्याने खाजगी कंपन्यांना वापरू द्याव्यात, अशी शिफारस ट्रायने २००४ मध्ये केली होती. त्याच वर्षीच्या धोरणात हे बंधन न घालता उभयपक्षी व्यापारी करारावर ती बाब सोपविण्यात आली. परिणामी तारेच्या मालकास प्रतिस्पर्ध्याला वाट देण्याचे कारण उरले नाही. २०१० अखेर २ कोटी ब्रॉडबँड ग्राहक हे धोरणाचे लक्ष्य होते. प्रत्यक्षात ही संख्या सु. १.१ कोटीपर्यंत पोहोचली. या अपयशास संगणकांचा अल्प प्रसार व दर हीही कारणे होती; तथापि तारांवरील एकाधिकार हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

भ्रमण सेवेतील स्पर्धा : तारांच्या क्षेत्रात जे घडले नाही, ते रेडिओ तरंगांच्या क्षेत्रात घडले. २०१० च्या सुमारास काही परिमंडळांत भ्रमणध्वनी सेवा देणाऱ्या कंपन्यांची संख्या दहाच्या वर गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची चौथ्या पिढीची सेवा प्रारंभी विनामूल्य सुरू झाल्यावर दर झपाट्याने उतरले. २०१४ मध्ये १ गिगाबाइट विदेसाठी (डेटासाठी) ग्राहकास सरासरी सु. २६९ रु. पडत, पुढील दशकात ही रक्कम सु. १० रुपयांपर्यंत खाली आली. इंटरनेट खेड्यापाड्यांत पोहोचण्याचे मुख्य श्रेय या दरयुद्धास द्यावे लागते.

या युद्धात अनेक कंपन्या टिकू शकल्या नाहीत. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ मध्ये भ्रमणध्वनी सेवा आवरती घेतली, एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी व्होडाफोन व आयडिया यांचे विलीनीकरण झाले. देशभर चार कंपन्या उरल्या. मार्च २०२४ अखेर देशात सु. ९२ कोटी ब्रॉडबँड ग्राहक होते. त्यांपैकी तारेने जोडलेले अवघे सु. ४ कोटी होते. एकूण ग्राहकांपैकी सु. चार-पंचमांश ग्राहक रिलायन्स जिओ व भारती एअरटेल या दोन कंपन्यांकडे होते. मोजक्या विक्रेत्यांच्या अशा बाजारपेठेस ‘अल्पाधिकार’ म्हणतात. तीत एकाने दर वाढविल्यास इतरही तेच करण्याची शक्यता असते. जुलै २०२४ च्या आरंभी तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढविले. त्यानंतरचे काही महिने अनेक ग्राहक दर न वाढविलेल्या भारत संचार निगमाकडे वळले. परंतु त्याची चौथ्या पिढीची सेवा तेव्हा सर्वत्र उभी राहिलेली नसल्याने हा ओघ टिकला नाही. स्वस्त पर्याय असणे पुरेसे नसते, तो दर्जानेही तुल्यबळ असावा लागतो, हे या घटनेवरून दिसते.

कोकणातील परिस्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. २००१ च्या तुलनेत ती सु. ५ टक्क्यांनी घटली होती. लोकवस्तीची घनता दर चौ. किमी.स १९७ होती. रत्नागिरी शहराची लोकसंख्या सु. ७६ हजार होती. येथील खेडी एका जागी दाटलेली नसून वाड्यावाड्यांत विखुरलेली असतात. जांभ्या दगडात चर खणणे कष्टाचे व खर्चाचे असते. त्यामुळे तारा बहुधा खांबांवरून व झाडांवरून नेल्या जातात आणि पावसाळी वाऱ्यात त्या तुटतात. महामार्गाच्या रुंदीकरणाच्या कामात जमिनीखालील केबली तुटण्याचे प्रकारही घडत आले आहेत. डोंगर व दऱ्यांमुळे भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याची छाया पडून, एका वाडीत उत्तम चालणारी सेवा शेजारच्या वाडीत मिळतही नाही.

यांत आणखी एका गोष्टीची भर पडते. असंख्य घरांतील कर्ती माणसे मुंबई-पुण्यास असून ती गणेशोत्सव, शिमगा व मे महिन्याची सुटी या काळात गावी येतात. मागणी वर्षातील काही आठवड्यांपुरती, तर तारेचा खर्च बारमाही, अशा स्थितीत कंपनीचा हिशेब जमत नाही. उलट, तार आधी पोहोचली असती, तर याच चाकरमान्यांपैकी काहींना घरून काम करीत गावीच अधिक काळ राहता आले असते. अशा रीतीने सेवा नाही म्हणून वस्ती घटते आणि वस्ती घटते म्हणून सेवा येत नाही, असे चक्र निर्माण होते.

मांडवीची स्थिती तुलनेने अनुकूल म्हणता येईल, कारण तो जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाचा भाग आहे. अशा वस्तीत ग्राहकापुढे तत्त्वतः पुढील पर्याय संभवतात : भारत संचार निगमाची तांब्याची वा प्रकाशीय तंतूची जोडणी, खाजगी दूरसंचार कंपनीची तंतुजोडणी, स्थानिक केबलचालकाची सेवा, भ्रमणध्वनीवरील चौथ्या वा पाचव्या पिढीची सेवा, आणि घरावर ग्राहक-यंत्र बसवून पाचव्या पिढीच्या तरंगांद्वारे मिळणारी स्थिर बिनतारी सेवा. या शेवटच्या प्रकारास देशात २०२३ मध्ये प्रारंभ झाला. परंतु हे पर्याय मोजताना दोन गोष्टींची दक्षता घ्यावी लागते. पहिली अशी, की भारत संचार निगम आपली तंतुजोडणी अनेक ठिकाणी स्थानिक भागीदारामार्फत उत्पन्नाच्या वाटणीवर देते. तोच भागीदार अन्य सेवाही पुरवीत असेल आणि दोन्ही तारा त्याच खांबावरून जात असतील, तर देयकावरील नावे दोन असली तरी वाट एकच असते. दुसरी अशी, की बिनतारी सेवेची क्षमता एका मनोऱ्याखालील सर्व ग्राहकांत विभागली जाते. सायंकाळी किंवा सणासुदीस वेग घटतो. एका विद्यार्थ्याच्या वर्गास ती पुरते. चार माणसांच्या घरास ती तंतूची जागा घेईलच, असे नाही.

वाटा स्वतंत्र असण्याचे महत्त्व आपत्तीच्या प्रसंगी कळून येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. त्यात शेजारच्या मंडणगड व दापोली तालुक्यांतील वीज व दूरसंचार व्यवस्था कोलमडली. करोना साथीमुळे शाळा बंद असल्याचा तो काळ होता. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले व त्याच वर्षी जुलैमध्ये चिपळूणला महापूर आला. अशा वेळी खांबावरील सर्व तारा एकत्रच पडतात आणि वीज नसल्यास मनोरेही काही तासांनी बंद पडतात. एक जमिनीखालून, दुसरी तरंगांवरून व तिसरी उपग्रहाद्वारे अशा भिन्न वाटा उपलब्ध असल्यास त्या सर्व एकाच वेळी खंडित होण्याचा संभव कमी होतो. या अर्थी स्पर्धा ही केवळ दर उतरविणारी नसून सुरक्षितता वाढविणारीही असते.

ग्राहकाची निवड : पर्याय असूनही ग्राहक ते वापरू शकत नाही, याची कारणे मुख्यतः तीन आहेत. (१) माहितीची विषमता : जाहिरातीतील वेग ‘अमुक मेगाबिटपर्यंत’ असा दिलेला असतो. ठरावीक वापरानंतर तो उतरविला जातो. मनोरंजन-वाहिन्या व दूरध्वनी यांची एकत्रित विक्री झाल्याने दोन योजनांची तुलना अवघड होते. (२) बदलाचा खर्च : उभारणीचे शुल्क, यंत्राची अनामत व सहा वा बारा महिन्यांचे आगाऊ भरलेले वर्गणीचे पैसे यांमुळे ग्राहक जुन्याच कंपनीस बांधला जातो. जानेवारी २०११ पासून भ्रमणध्वनीचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते. घराच्या जोडणीस मात्र नवी तार व नवे यंत्र लागते. (३) प्रवेशातील अडथळे : काही गृहसंकुलांत एकाच कंपनीस आत येऊ दिले जाते. तेथे रहिवाशाची निवड बांधकाम करणारा वा संस्थेचे व्यवस्थापन आधीच करून टाकते.

नियमन : या अडचणींवर काही उपाय योजण्यात आले आहेत. वापराची मर्यादा संपल्यावरही स्थिर ब्रॉडबँडचा वेग ५१२ किलोबिटच्या खाली नेऊ नये व मर्यादेची माहिती स्पष्टपणे द्यावी, असा आदेश ट्रायने २०१६ मध्ये दिला. त्याच वर्षी ८ फेब्रुवारी रोजी काढलेल्या विनियमांन्वये मजकुरानुसार विदेचे वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घालण्यात आली. जोडणी पुरविणाऱ्याने स्वतःच्या मजकुरास झुकते माप देऊ नये, हा तीमागील हेतू होय. २०२४ च्या विनियमांनी तारयुक्त व बिनतारी सेवांच्या दर्जाचे निकष एकत्रित केले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात तारा नेण्याचा मार्गाधिकार भेदभाव न करता व शक्यतोवर कोणा एकास राखून न ठेवता द्यावा, असे तत्त्व आले आहे.

स्पर्धाविरोधी वर्तनाची चौकशी करणे हे स्पर्धा अधिनियम, २००२ अन्वये भारतीय स्पर्धा आयोगाचे काम आहे. मात्र दूरसंचार क्षेत्रातील तांत्रिक प्रश्नांचा निर्णय प्रथम ट्रायने करावा व त्यानंतर आयोगाने लक्ष घालावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी ठरविले. वैयक्तिक तक्रारीसाठी प्रथम कंपनीचे तक्रार केंद्र व नंतर तिचे अपील प्राधिकरण अशी पायरी आहे. शिवाय दूरसंचार सेवेतील उणिवांबाबत ग्राहक न्यायमंचाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले.

अन्य देशांतील व प्रांतांतील प्रयोग : ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमचा तारांचा विभाग २००६ पासून ओपनरीच या नावाने वेगळा चालविण्यात आला आणि सर्व सेवा कंपन्यांना समान अटींवर तारा देण्याचे बंधन त्यावर घालण्यात आले. जपानमध्ये तांब्याच्या तारा प्रतिस्पर्ध्यांना खुल्या केल्यावर २००१ पासून दर वेगाने उतरले. स्टॉकहोम नगरपालिकेने १९९४ मध्ये स्थापन केलेली स्टोकाब ही कंपनी तंतू टाकून ते सर्वांना भाड्याने देते. स्वतः ग्राहकास इंटरनेट विकत नाही. याउलट अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने घातलेली तारा खुल्या करण्याची बंधने पुढे सैल झाली आणि अनेक शहरांत एक दूरध्वनी कंपनी व एक केबल कंपनी एवढीच निवड उरली. भारतात केरळमधील लहान केबलचालकांनी एकत्र येऊन केरळ व्हिजन ही सेवा उभी केली. तिची गणना देशातील मोठ्या तारयुक्त सेवांत होते. केरळ शासनाने २०२३ मध्ये के-फोन हे स्वतःचे तंतुजालही सुरू केले. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची केंद्र शासनाची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य शासनाने महानेट या नावाने हाती घेतले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून वाडीतील घरापर्यंतचा अखेरचा टप्पा कोणी उभारावयाचा, हा प्रश्न मात्र तेथेही राहतो.

मूल्यमापन : या प्रयोगांवरून असे दिसते, की विरळ वस्तीत प्रत्येक कंपनीने स्वतःची तार टाकावी अशी अपेक्षा करणे अव्यवहार्य, आणि एकाच कंपनीस तार व सेवा दोन्ही सोपविणे ग्राहकास घातक असते. चर, खांब व तंतू सामाईक ठेवून त्यांवरील सेवेत स्पर्धा होऊ देणे, हा मधला मार्ग होय. रस्ता करताना वा नळ घालताना नगरपालिकेने त्याच चरात रिकामी नळी टाकून ती सर्व कंपन्यांना समान भाड्याने दिल्यास दुसऱ्या स्पर्धकाचा प्रवेश पुष्कळ स्वस्त होतो. दूध, साखर व पतपुरवठा या क्षेत्रांत सहकाराचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रात वाडीच्या वा गावाच्या मालकीची तार ही कल्पनाही अपरिचित वाटू नये. अशा सामाईक व्यवस्थेतही धोका आहे; सर्वांची एकच तार तुटल्यास सर्वांची सेवा खंडित होते. म्हणून तिला बिनतारी वा उपग्रहीय अशा एखाद्या वेगळ्या वाटेची जोड आवश्यक ठरते. एखाद्या वस्तीत ब्रॉडबँडची स्पर्धा आहे की नाही, हे पाहण्याची सोपी कसोटी म्हणजे सेवा वारंवार बिघडल्यास तेथील कुटुंबाला महिन्याभरात, फारसा खर्च न करता, वेगळ्या वाटेने येणाऱ्या तुल्यबळ सेवेकडे जाता येते काय, ही होय. मांडवीसारख्या शहरी भागास ही कसोटी बऱ्याच अंशी लावता येईल. वाड्यावाड्यांतील कोकणास ती लागू व्हावयाची, तर अखेरचा टप्पा हा सार्वजनिक सोयीचा विषय मानावा लागेल.